‘ड्रॉप बाय’ म्हणजे नक्की काय? सहज भेटीचं इंग्रजी, पायरीपायरीने

बडोद्यात कुणाच्या घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलेलं मोठ्यांना अजूनही चालत नाही. शेजारचे गुजराती काका त्याच वेळी दारातून ‘आवजो’ म्हणतात. निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो, निरोप देणारा ‘या’ म्हणतो, आणि तासाभराने तो खरंच परत येईल म्हणून कुणी चहाचं आधण ठेवत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, लहानपणापासून कानावर पडत आलेलं असतं. इंग्रजीतलं ‘ड्रॉप बाय’ हेही त्याच जातीचं आहे. पण ते आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही, म्हणून शिकून घ्यावं लागतं.

मी दांडिया बाजारात बरीच वर्षं इंग्रजी संभाषणाची शिकवणी घेते. माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारची माणसं येतात. सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेऊन कॅनडा, इंग्लंड किंवा अमेरिकेला निघालेली मुलं, आणि लेकाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहायला निघालेले आईवडील. मुलांचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं असतं, त्यांना पुस्तकातलं इंग्रजी येतं. आईवडिलांना माणसांकडे जाण्यायेण्याची रीत कळते. या एका क्रियापदाला दोन्ही लागतं, म्हणून यावर मी एक पूर्ण दिवस घालवते. तो दिवस इथे लिहून काढते आहे.

पायरी १ : चित्र डोळ्यापुढे आणा

‘ड्रॉप’ म्हणजे थेंब, आणि पडणं. मग पडण्याचा आणि भेटीला जाण्याचा काय संबंध, हा प्रश्न वर्गात दरवेळी येतो. त्याचं उत्तर मराठीतच आहे. आपण म्हणतो, ‘हा कुठून टपकला?’ थेंब टपकतो तसाच माणूसही टपकतो, म्हणजे आधी काही ठरलेलं नसताना येतो. दोन्ही भाषांना एकच चित्र सुचलं आहे. फरक चवीत आहे. आपलं ‘टपकणे’ नको असलेल्या पाहुण्यासाठी असतं. इंग्रजीत ‘ड्रॉप बाय’ किंवा ‘ड्रॉप इन’ म्हणताना त्यात नाराजी नसते, उलट आपुलकी असते. त्यामुळे भाषांतर करायचंच झालं, तर ‘जाता जाता डोकावून जा’, ‘एक चक्कर टाका’, ‘सहज येऊन जा’ हे घ्या. आपल्या शेजाऱ्यांचं ‘आंटो मारी जजो’ तर जवळजवळ तंतोतंत बसतं.

‘ड्रॉप बाय’च्या अर्थात तीन गोष्टी आहेत. भेट थोडक्यात आटोपणारी असते. फारसं ठरवून केलेली नसते. आणि यजमानाने तुमच्यासाठी काही करावं, अशी अपेक्षा नसते. तिसरी गोष्ट शब्दकोशात क्वचितच सापडते, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. हा शब्द वापरणारा माणूस समोरच्याला सांगत असतो की माझ्या येण्याचा तुमच्यावर भार पडणार नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवा.

म्हणून ‘आम्ही काकांकडे चार दिवस ड्रॉप बाय केलं’ असं होऊ शकत नाही. चार दिवस राहिलात तर ‘वी स्टेड विथ माय अंकल’. लग्नाला, मुंजीला, अंत्यदर्शनाला, व्हिसाच्या मुलाखतीलाही कुणी ‘ड्रॉप बाय’ करत नाही.

पायरी २ : मागचा छोटा शब्द नीट लावा

चुका इथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून इथे घाई करू नका.

‘ड्रॉप बाय’च्या पुढे ठिकाण येतं, किंवा काहीच येत नाही. ‘आय विल ड्रॉप बाय अराउंड फाइव्ह’, म्हणजे पाचच्या सुमाराला येऊन जाईन. ‘आय ड्रॉप्ट बाय द लायब्ररी’, म्हणजे ग्रंथालयात डोकावून आले. पुढे थेट माणूस येत नाही. ‘आय ड्रॉप्ट बाय हिम’ हे चूक. माणसाला आणायचं असेल तर ‘आय ड्रॉप्ट बाय टू सी हिम’ म्हणा.

‘ड्रॉप इन’ची गोष्ट जरा वेगळी. पुढे काही नसेल तर नुसतं ‘ड्रॉप इन’ पुरतं. माणूस असेल तर मध्ये ‘ऑन’ घालावा लागतो: ‘वी ड्रॉप्ट इन ऑन आजी’. ठिकाण असेल तर ‘अॅट’: ‘वी ड्रॉप्ट इन अॅट द क्लिनिक’. ‘ड्रॉप इन ऑन’मध्ये बहुतेक वेळा न कळवता गेल्याची छटा असते, हेही ध्यानात असू द्या.

आता घर कसं म्हणायचं? ‘माय अंकल्स हाउस’ बरोबर आहे, पण बोलताना ‘हाउस’ गळून जातं आणि ‘आय ड्रॉप्ट बाय माय अंकल्स’ एवढंच उरतं. मुलांना हे अपुरं वाटतं, ‘अंकल्स काय?’ असं विचारतात. पण आपण तरी काय म्हणतो? ‘काकांकडे गेलो होतो.’ काकांच्या घरी, असं पूर्ण कुठे म्हणतो? आपला ‘कडे’ जे काम करतो, ते तिथे नामाला लागलेला ‘स’ करतो. मावशीकडे, डॉक्टरांकडे, शेजाऱ्यांकडे, सगळ्यांना हीच युक्ती चालते. ‘माय आंट्स’, ‘द डॉक्टर्स’, ‘द नेबर्स’. हे एकदा ‘कडे’शी जोडलं की पुन्हा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक जागा सांभाळा. ‘ड्रॉप’ आणि ‘बाय’ यांच्या मध्ये एखादी वस्तू आली तर अर्थ बदलतो. ‘आय विल ड्रॉप द बुक बाय युअर प्लेस’ म्हणजे पुस्तक तुमच्याकडे पोचवून जाईन. अमेरिकेत असं बोललेलं ऐकू येतं. इथे भेट दुय्यम, पुस्तक मुख्य.

आणि ‘ड्रॉप ऑफ’शी गल्लत तर होतेच होते. आपण स्कूटर काढतो आणि म्हणतो, ‘चल, तुला स्टेशनवर ड्रॉप करतो.’ ते इंग्रजीत ‘आय विल ड्रॉप यू ऑफ अॅट द स्टेशन’. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘आय विल ड्रॉप बाय यू अॅट द स्टेशन’. त्याला सोडायला जायचं होतं, वाक्यात तो भेटायला निघाला होता आणि व्याकरणही मोडलं होतं. माणसाला नेऊन सोडणं म्हणजे ‘ऑफ’, आपण स्वतः डोकावणं म्हणजे ‘बाय’. शाळा-कॉलेज अर्धवट सोडणं म्हणजे ‘ड्रॉप आउट’, त्याचा भेटीगाठीशी संबंध नाही.

पायरी ३ : तोंडाने म्हणा

भूतकाळात ‘ड्रॉपेड’ म्हणू नका, उच्चार ‘ड्रॉप्ट’ असा आहे. पुढे ‘बाय’ आला की तो ‘ट’ही जवळजवळ ऐकू येत नाही. लिहिताना ‘पी’ दोनदा येतो, ‘स्टॉप’ आणि ‘पॉप’चंही तसंच. जोर ‘ड्रॉप’वर न देता ‘बाय’वर किंवा ‘इन’वर द्या. ‘ड्रॉप-इन सेंटर’ म्हणताना मात्र जोर पुढच्या ‘ड्रॉप’वर जातो, कारण तिथे ते क्रियापद राहिलेलं नसतं, विशेषण झालेलं असतं. अशा ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागत नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘वॉक-इन इंटरव्ह्यू’ असं छापून येतं, त्याच घरातला हा शब्द.

पायरी ४ : आमंत्रण आहे की निरोप, ते ओळखा

माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी पायरी आहे. इथे चूक झाली तर व्याकरण बरोबर असूनही माणसं अवघडतात.

मी पहिल्यांदा इंग्लंडला बहिणीकडे गेले, तेव्हा शेजारच्या बाई कुंपणापाशी गप्पा मारताना म्हणाल्या, ‘यू मस्ट ड्रॉप इन समटाइम.’ मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाला बहिणीच्या घरच्या चकल्या ताटलीत घेऊन मी त्यांच्या दाराशी उभी राहिले. बाई भल्या होत्या, त्यांनी मला आत घेतलं, चकल्यांचं कौतुकही केलं. पण त्यांचं जेवण टेबलावर वाढलेलं होतं, नवरा आणि दोन मुलं हातातले काटेचमचे खाली ठेवून बसली होती, आणि मी उठेपर्यंत कुणी घास घेतला नाही. आपल्याकडे अशा वेळी आणखी एक ताट मांडतात. तिथे पानं माणसं मोजून वाढलेली होती. परतताना मला फार वाईट वाटलं. चूक कुणाचीच नव्हती. त्यांनी ‘आवजो’ म्हटलं होतं आणि मी ते तारीख दिल्यासारखं ऐकलं होतं.

तेव्हापासून मी एक कसोटी शिकवते. वाक्यात दिवस, वेळ किंवा कारण, यांतलं काही आहे का ते पाहा. ‘ड्रॉप बाय समटाइम’ आणि ‘ड्रॉप इन एनी टाइम’ यांत काहीच नाही. तो गोड निरोप समजा, हसून ‘आय वुड लव्ह टू’ म्हणा आणि तिथेच ठेवा. ‘ड्रॉप बाय ऑन सॅटरडे, वुई विल बी होम ऑल आफ्टरनून’ यात दिवस आहे, वेळही आहे. हे खरं आमंत्रण. ‘ड्रॉप बाय अँड पिक अप द कीज’ यात कारण आहे, म्हणजे किल्ल्या घ्यायला जायचंच आहे.

संशय असेल तर विचारायला हरकत नाही, त्यात कमीपणा नाही. ‘आय वुड लव्ह टू. वुड सॅटरडे वर्क?’ असं विचारा. समोरून वेळ ठरली तर आमंत्रण पक्कं. ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’ आलं, तर विषय तिथेच सोडा आणि मनात ठेवू नका.

आईवडिलांना हे समजायला वेळ लागतो, आणि का लागतो ते मला कळतं. ते पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीवजा वस्तीत, वाढलेले असतात. पोळात दिवसभर दार उघडं, ओट्यावर कुणीतरी बसलेलं. मांडवीपर्यंत येऊन तुम्ही आत्याकडे डोकावला नाहीत तर आत्या पुढच्या लग्नात सगळ्यांसमोर विचारते, ‘इतक्या जवळून गेलास आणि वर आला नाहीस?’ न जाणं हा तिच्या लेखी अपराध. त्या सवयीचं माणूस परदेशी शेजाऱ्याच्या ‘एनी टाइम’वर विश्वास ठेवणारच.

याच्या उलट एक जागा आहे. तिथे वेळ सांगितलेली नसली तरी जायचं असतं, तेही लवकर. वरिष्ठ किंवा प्राध्यापक म्हणाले, ‘ड्रॉप बाय माय ऑफिस व्हेन यू गेट अ चान्स’, तर शब्द सैल असले तरी काम ठरलेलं आहे. त्याच दिवशी जा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माझा एक विद्यार्थी तीन दिवस थांबला, कारण त्याला वाटलं की साहेब नुसतं सौजन्याने म्हणाले. साहेब तीन दिवस वाट पाहत होते.

विद्यापीठात जाणाऱ्यांनी ‘ऑफिस अवर्स’ हा शब्दही समजून घ्या. अमेरिका-कॅनडात प्राध्यापक आठवड्यातले काही ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात, त्यांना ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात. कार्यालय उघडं असतं तो सगळा वेळ, असा त्याचा अर्थ नाही. ‘ड्रॉप बाय ड्युरिंग माय ऑफिस अवर्स’ म्हटलं की त्या तासांत वेळ न घेता, न घाबरता जायचं. आपली मुलं संकोचाने जात नाहीत. सरांना कशाला त्रास द्यायचा, असं त्यांना वाटतं. पण तो वेळ तुमच्यासाठीच ठेवलेला असतो. जा, आणि प्रश्न लिहून घेऊन जा.

पायरी ५ : कळवा, जा, निघा

‘सहज’ भेट असली तरी आधी एक संदेश पाठवणं हीच आता बहुतेक ठिकाणची रीत आहे. संदेश लहान ठेवा. ‘आय अॅम निअरबाय. ओके इफ आय ड्रॉप बाय फॉर टेन मिनिट्स?’ यातले दहा मिनिटं हे शब्द गाळू नका, त्यांनीच समोरचा निर्धास्त होतो. वरिष्ठांना विचारताना ‘कुड आय ड्रॉप बाय धिस आफ्टरनून?’ चालतं. शब्द अनौपचारिक असला तरी उद्धट नाही.

दारात पोचल्यावर ‘आय वॉज इन द नेबरहुड’ म्हणा, हे आपल्या ‘इकडे आलो होतो, म्हटलं डोकावून जावं’ याचं इंग्रजी. लगेच ‘इज धिस अ बॅड टाइम?’ विचारा. उत्तरात ‘नॉट अॅट ऑल, कम ऑन इन’ आलं तर आत जा. ‘वेल, वुई वेअर जस्ट…’ असं वाक्य अर्धवट राहिलं तर ते पूर्ण होण्याची वाट पाहू नका. ‘नो प्रॉब्लेम, अनदर टाइम’ म्हणून हसत मागे फिरा.

बसल्यावर ‘आय वोन्ट कीप यू’ हे सोन्यासारखं वाक्य आहे, म्हणजे तुमचा वेळ घेणार नाही. आपल्याकडे पाहुणा ‘काही नको’ म्हणतो आणि यजमान तिसऱ्यांदा आग्रह करतो, मग पाहुणा घेतो. तिथे पहिल्या ‘नो, थँक यू’लाच ट्रे परत जातो. चहा हवा असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’ म्हणा. हे मी प्रत्येक आईवडिलांना दोनदा सांगते.

यजमान उभे राहून ‘थँक्स फॉर ड्रॉपिंग बाय’ म्हणाले की भेट संपली. आपणच आधी ‘आय शुड गेट गोइंग’ म्हटलेलं अधिक बरं. दारात उभं राहून पुढची वीस मिनिटं बोलायची आपली पद्धत मला स्वतःला फार आवडते, पण ती इकडे परत आल्यावर.

पायरी ६ : भावंडं ओळखून ठेवा

‘स्टॉप बाय’चा अर्थ हाच, अमेरिकेत जास्त ऐकू येतो. ‘पॉप इन’ आणि ‘पॉप राउंड’ इंग्लंडकडचे, दोन मिनिटांच्या भेटीचे. ‘स्विंग बाय’ गाडीने जाता जाता वाट थोडी वाकडी करून जाण्यासाठी. ‘लुक इन ऑन’ म्हणजे आजारी किंवा एकट्या माणसाची विचारपूस करून येणं. ‘कॉल ऑन’ आता जुन्या वळणाचा आणि औपचारिक वाटतो. ‘कम बाय’ जपून वापरा, त्याचा ‘मिळणे’ असाही अर्थ होतो.

‘कम ओव्हर’वर मात्र थांबायला हवं. आपण प्रेमाने म्हणतो, ‘घरी या ना’, आणि त्याचं इंग्रजी करतो, ‘प्लीज कम होम’. ऐकणाऱ्याला वाटतं की त्याला त्याच्याच घरी परत जायला सांगताहेत, कारण ‘कम होम’ म्हणजे स्वतःच्या घरी परतणं. आपल्या घरी बोलवायचं असेल तर ‘कम ओव्हर’ म्हणा, किंवा ‘कम टू अवर प्लेस’. ‘ड्रॉप बाय’पेक्षा ‘कम ओव्हर’मध्ये बसण्याला, खाण्यापिण्याला जागा असते. जेवायला बोलवत असाल तर ‘कम ओव्हर फॉर डिनर’. ‘ड्रॉप बाय फॉर डिनर’ म्हटलं तर माणूस गोंधळतो की पोटभर जेवण आहे की उभ्या उभ्या काहीतरी.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एवढंच. बोलण्याच्या परीक्षेत ही क्रियापदं सहज आली तर चांगलं. तिच्या ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात किमान १५० शब्दांचं पत्र असतं. ते मित्राला असेल तर ‘ड्रॉप बाय’ शोभतं, व्यवस्थापकाला किंवा कार्यालयाला असेल तर ‘व्हिजिट’ लिहा.

पायरी ७ : बडोद्यातच सराव करा

परदेशी जाईपर्यंत थांबू नका. एक संध्याकाळ घराबाहेर पडा आणि जिथे जिथे डोकावाल त्याचं एक इंग्रजी वाक्य मनात करा. खंडेराव मार्केटात भाजी घेतलीत: ‘आय स्टॉप्ट बाय द मार्केट’. सूरसागरच्या काठाने येताना मैत्रिणीच्या घरी पाच मिनिटं बसलात: ‘आय ड्रॉप्ट इन ऑन अ फ्रेंड’. मांडवीच्या बाजूला मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आलात: ‘आय ड्रॉप्ट बाय द लायब्ररी’. तिसरं वाक्य मला विशेष आवडतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, ती सामान्य माणसाला वाचायला मिळावं म्हणून. सहज डोकावता येईल अशी जागा आपल्या गावात शंभरहून अधिक वर्षांपासून आहे, तिच्यावर पहिलं वाक्य करायला काय हरकत आहे?

रात्री ती वाक्यं वहीत लिहा. प्रत्येकाखाली मराठी लिहा, आणि मराठीत ‘कडे’ आला असेल तिथे इंग्रजीत ‘स’ लागला आहे का ते बघा. मग घरातल्या कुणाला तरी तीन संदेश पाठवा: एक मित्राला विचारणारा, एक प्राध्यापकांना विचारणारा, एक शेजाऱ्याच्या ‘समटाइम’ला दिलेलं उत्तर. तिसरा लिहिताना बहुतेकांचा हात थांबतो. एका काकूंनी बराच विचार करून लिहिलं होतं, ‘थँक यू, आय वुड लव्ह टू. प्लीज टेल मी अ डे दॅट सूट्स यू.’ त्या आता लेकाकडे आहेत. परवा त्यांचा फोन आला, शेजारणीने गुरुवार सांगितला आहे, सकाळी अकरा. त्यांनी मला एवढंच विचारलं की चिवडा न्यावा की नको. मी म्हटलं, न्या, पण लहान डब्यात.